उदा. सुमन टेलर्सजवळ

मी जे लिहिलं ते, वाचणाऱ्यानं स्वतःचं पहिलं अक्षर टाइप केलं की पुसलं जायचं, आणि त्याचाच मला पगार मिळायचा. एखाद्या लेखकाला हे सांगितलं तर तो आजारी पडेल. मी मात्र त्यावर संसार केला, मुलीचं शिक्षण केलं आणि गेल्या वर्षी शाल-नारळ घेऊन निवृत्तही झाले.

कुठल्याही वेबसाइटवर फॉर्म उघडा. रिकाम्या चौकटीत फिकट राखाडी अक्षरं दिसतात. मोबाइलच्या चौकटीत ‘दहा आकडी नंबर’, पत्त्याच्या चौकटीत ‘घर क्रमांक, गल्ली, जवळची खूण’. तुम्ही लिहायला लागलात की ती मुकाट्यानं निघून जातात. ती आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी डोकं खाजवत बसून लिहिलेली असतात. आमच्या ऑफिसात त्यांना हिंट म्हणत आणि मला हिंटवाल्या मॅडम.

ऑफिस आकुर्डीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. चाकणच्या कारखान्यांना लागणारे फॉर्म आम्ही बनवायचो: गेटपास, रजा, कँटीन, कंपनीच्या बसेस. मी मूळची लग्नपत्रिका टाइप करणारी. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ इतक्यांदा टाइप केलं होतं की हात झोपेतही चालले असते. साहेबांना शुद्ध मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं, म्हणून मला घेतलं. फॉर्मची आतली यंत्रणा निखिल बघायचा. लातूरचा, हुशार, आणि माणसं फॉर्म चुकीचा भरतात याचा मनापासून राग येणारा. मला राग यायचा नाही. मला ती माणसं दिसायची.

हिंट लिहिणं सोपं वाटतं, पण पहिली अडचण रंगाची. कारखान्याच्या गेटवर कॉम्प्युटर ठेवलेला असतो, त्यावर ऊन येतं, आणि फिकट अक्षरं दिसत नाहीत. जरा गडद केली की माणसाला वाटतं, चौकट भरलेलीच आहे. एका गृहस्थांनी आम्हाला फोन करून झापलं होतं. “माझ्या फॉर्मवर आधीच रमेश नावाच्या माणसाचं नाव लिहिलंय. मला दुसऱ्याचा उष्टा फॉर्म का दिला?” मी म्हटलं, “काका, तुम्ही त्यावर तुमचं नाव लिहा, रमेश आपोआप जाईल.” ते म्हणाले, “असं कसं? त्याला नको का विचारायला?” यावर निखिलनं डोक्याला हात लावला. मला ते गृहस्थ अजून आवडतात.

दुसरे एक कंत्राटदार होते, कारखान्यांना मजूर पुरवणारे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा प्रत्येक फॉर्म अडकायचा, कारण नावाच्या पहिल्या चौकटीत ते ‘श्री’ लिहायचे. स्वतःला श्रीयुत म्हणवून घ्यायला नव्हे. कुठलाही कागद सुरू करताना वर ‘श्री’ काढायचा, ही त्यांची सवय, आणि फॉर्ममध्ये पहिली रिकामी जागा तीच दिसायची. मी हिंट बदलून पाहिली. ‘कंत्राटदाराचं पूर्ण नाव’ लिहिलं, तरी ‘श्री’. निखिलनं मग अट घातली की नावात निदान तीन शब्द हवेत. आबांनी ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलं. फॉर्म बिनबोभाट पुढे गेला आणि त्या नावाचा गेटपासही छापून आला. गेटवरच्या वॉचमननं पास वाचला, आधी हात जोडले आणि मग आबांना आत सोडलं नाही.

त्यावर उपाय फार साधा निघाला. पानाच्या अगदी वर, सगळ्या चौकटींच्या आधी, आम्हीच छोटंसं ‘॥ श्री ॥’ घातलं. त्या दिवसापासून आबा पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव लिहू लागले. निखिल म्हणाला, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी म्हटलं, लग्नपत्रिकेत आहे.

सगळ्यात अवघड असायचा तो नमुना. ‘उदा.’ लिहून पुढे जे लिहितो ते. नमुना खरा वाटला पाहिजे, पण खरा नको. कारखान्यातल्या कुणाचं नाव त्यात आलं की त्या बिचाऱ्याची जन्मभर थट्टा होते. खऱ्या दुकानाचं नाव घातलं तर शेजारचा दुकानदार भांडायला येतो. म्हणून मी नमुन्याला माझ्या आईला उभी केली.

आईचं नाव सुमन. आकुर्डीतल्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं. वडील कारखान्यात पाळीवर जात आणि आई सगळ्या कॉलनीचे ब्लाऊज शिवत असे. तिला एक गाळा हवा होता. अगदी छोटा चालला असता, पण बाहेर पाटी हवी होती. पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘सुमन टेलर्स’. रस्त्यानं जाताना ती पाट्यांचे रंग बघायची आणि कुठला उठून दिसतो ते मला सांगायची. आधी आमची शिक्षणं आली, मग वडिलांचं आजारपण, मग तिचे डोळे गेले. गाळा राहून गेला आणि पुढे आईही गेली. मला ते फार लागलं होतं, अजूनही लागतं. तेव्हा जिथं जिथं दुकानाचा नमुना लागेल तिथं मी ‘सुमन टेलर्स’ लिहू लागले. राखाडी का होईना, तिची पाटी लागायची.

एका वायरिंगच्या कारखान्यासाठी आम्ही बसच्या थांब्यांचा फॉर्म केला. गाडीत ज्या वायरींच्या जुड्या असतात त्या तिथं बांधल्या जात, आणि लाइनवर बहुतेक बायका होत्या. फॉर्ममध्ये प्रत्येकीनं आपल्याला बस कुठं हवी ते लिहायचं. बऱ्याच जणींनी एकच जागा लिहिली तर तिथं थांबा मंजूर, नाहीतर नाही; मग दुसऱ्या फेरीत पुन्हा अर्ज करायचा. हिंट माझी: ‘घराजवळची सर्वांना माहीत असलेली खूण. उदा. सुमन टेलर्सजवळ’. कुणी न वाचता नमुनाच उतरवला तर तो अर्ज बाजूला पडेल, अशी सोय निखिलनं करून ठेवली होती. ती आमची नेहमीचीच पद्धत होती.

दुसऱ्या फेरीची मुदत संपायच्या दिवशी सकाळीच शितोळ्यांचा फोन आला. हे कारखान्याचे बसवाहतूक बघणारे साहेब, चाकणच्या जवळच्याच गावचे, आवाज पहिल्यापासून शेतात हाक मारल्यासारखा.

“मॅडम, ही तुमची सुमन टेलर्स कुठं हाय?”

“साहेब, ते दुकान नाहीच. नमुना आहे तो.”

“न्हाई? मंग एवढ्या बायका तिथं बस मागत्यात त्या काय सपनात ऱ्हात्यात व्हय? सगळ्यांचे अर्ज बाद पडल्यात. मी आज यादी पाठवून देतो, मंग माझ्याकडं रडत यायचं न्हाई कुणी.”

मी म्हटलं, “यादी जरा थांबवा. मी येते.”

नमुना उतरवणारी माणसं मला नवी नव्हती. पण ती इकडची एक, तिकडची एक अशी असतात. एका वस्तीतल्या सगळ्याच बायका एकदम चुकतात, हे काही माझ्या पचनी पडेना. चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे मी पोचेपर्यंत पाळी बदलायची वेळ झाली होती. शितोळ्यांनी कँटीनमध्येच दोघींना बोलावून घेतलं. एक शबाना शेख, बीडकडची, लाइनवर सगळ्यात चलाख हात असलेली. तिच्या बोटांना टेपचा गोंद चिकटलेला होता आणि बोलताना ती तो अंगठ्यानं खरवडत होती. दुसरी तिची शेजारीण कविता, पंढरपूरकडची, जी मान खाली घालून हसू दाबत होती.

शितोळे म्हणाले, “तुमी बघून उतरवलं ना? ते फॉर्मवरचं नमुन्याचं नाव हाय.”

“नमुन्याचं आहे ते माहिती होतं साहेब,” शबाना म्हणाली. “म्हणूनच तर टाकलं.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. मग तिनं सगळं सांगितलं.

त्यांची वस्ती चाकणच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. माळावर प्लॉट पडले, ज्यानं त्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्या, माणसं येऊन राहिली, पण जागेला नाव पडलंच नाही. कागदावर नुसता गट नंबर. दुसरी पाळी सुटली की बस मुख्य रस्त्यावर सोडून जायची. तिथून आतला रस्ता सुना, ना दिवा ना माणूस. इतके दिवस शबानाचा नवरा मोटरसायकलवर न्यायला यायचा. आता त्याला भोसरीच्या गॅरेजमध्ये काम मिळालं होतं आणि तो स्वतःच उशिरा घरी पोचत होता.

“घरी म्हणायलेत, बस आत आली तर जा, नाहीतर काम सोड,” शबाना म्हणाली. “त्यांचं तरी काय चुकतं? पण मला नाही सोडायचं म्याडम. मी लाइनवर पहिली आहे.”

शेवटचं वाक्य तिनं असं म्हटलं की शितोळ्यांनीही मान हलवली. ते खरंच होतं.

“मग आधीच्या वेळेला का नाही सगळ्यांनी एक जागा लिहिली?” मी विचारलं.

“तिथंच तर घोळ झाला. कुणी लिहिलं टॉवरजवळ, कुणी टाकीजवळ. मी लिहिलं जावेदभाईंच्या खोल्या, कारण मी तिथं राहते. ही राहते मालूबाईंच्या खोल्यांत, हिनं ते लिहिलं. कॉम्प्युटरला वाटलं सगळ्या वेगवेगळीकडं राहतात. थांबा नामंजूर.”

“मग दुसऱ्यांदा ठरवायचं ना एक,” शितोळे म्हणाले.

आता कविताला राहवलं नाही. “ठरवायला बसलो की साहेब! जावेदभाईंचं नाव दिलं तर आमची मालूबाई पाणी बंद करणार. मालूबाईचं दिलं तर जावेदभाई भाडं वाढवणार. ही म्हणली मशिदीजवळ लिहू, मी म्हणलं मग देवळाजवळ का नको. मी आपलं चेष्टेत म्हणलं, पण बाकीच्या खऱ्याच भांडायला लागल्या. दोन दिवस डबे वेगवेगळे खाल्ले आम्ही.”

“आणि मग हे दिसलं,” शबाना म्हणाली. “त्या चौकटीतच. सुमन टेलर्स. हे कुणाचंच नव्हतं. घरमालकाचं नाही, देवाचं नाही. कंपनीनंच लिहिलेलं, म्हणजे कंपनीला पण चालतंय. म्हणलं, घ्या हेच. कुणाचं काही जात नाही.”

मी इतकी वर्षं माणसं नमुना का उतरवतात यावर डोकं फोडलं होतं. घाईत उतरवतात, न वाचता उतरवतात, घाबरून उतरवतात. भांडण मिटवायला उतरवतात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

शितोळ्यांनी घसा खाकरला. “त्या माळाला नाव हाय. शितोळ्याचा माळ. आमचीच जमीन व्हती ती, आज्यानं इकली. आमी लहानपणी तिथं गुरं घेऊन जायचो.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “तुमी त्येच का न्हाई लिहीत?”

साहेबाला नाही कोण म्हणणार? पण शबानानं जपून शब्द उचलले. “साहेब, तुमच्या नावाला आमचं काही नाही. पण उद्या बाकीचे म्हणतील, कंपनीत साहेब आहे म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं. तुम्हालाच त्रास व्हायचा.”

शितोळ्यांनी टेबलावर सांडलेलं पाणी बोटानं इकडून तिकडे नेलं. “ते बी खरंच हाय,” ते म्हणाले. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. जमीन गेली होती, निदान नाव तरी राहिलं असतं, आणि तेही त्यांनी सोडून दिलं. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “पर मॅडम, ही सुमन हाय तरी कोण? उद्या कुणी इचारलं तर काय सांगू?”

सांगू नये असं ठरवलं होतं, पण सांगून टाकलं. “माझी आई. ब्लाऊज शिवायची. दुकान काही तिला मिळालं नाही.”

शबानानं बोटं खरवडायची थांबवली. कविता वर बघू लागली. तिनं विचारलं, “हात कसा होता त्यांचा?”

“एकदा माप घेतलं की परत घ्यावं लागायचं नाही.”

“मग चालंल ना म्याडम तुम्हाला?” शबाना म्हणाली. “आम्ही रोज त्यांचं नाव घेणार. बसमधून ओरडणार पण.”

मी “चालेल” म्हणाले. शितोळ्यांनी उगाचच कँटीनवाल्याला चहा सांगितला.

तिथूनच मी निखिलला फोन लावला. बाजूला पडलेले अर्ज मोकळे कर, नमुन्याची आडकाठी काढून टाक. तो म्हणाला, “मॅडम, नमुना खरा कसा होईल?” मी म्हटलं, “झालाय.” त्यानं बडबड केली, आपण असे नियम मोडायला लागलो तर फॉर्मला काय अर्थ राहील वगैरे, पण चहा संपायच्या आत काम करून दिलं. शितोळ्यांनी मोबाइलवर यादी पुन्हा उघडली. थांब्याच्या नावापुढे ‘मंजूर’ आलं होतं. त्यांनी तो शब्द शबानाच्या समोर धरला. तिनं वाचला, कवितानं वाचला, आणि भोंगा झाल्यावर दोघी पळत लाइनकडे गेल्या.

राहिला प्रश्न बस थांबणार कुठं. ड्रायव्हरला दुकान दिसल्याशिवाय तो थांबेना. शितोळ्यांनी वस्तीच्या वळणावरचा विजेचा खांब ठरवला, कंपनीतल्या रंगाऱ्याला पाठवून त्यावर पांढऱ्या रंगात ‘सुमन टेलर्स’ लिहून घेतलं आणि मागे लागून तिथं दिवाही लावून घेतला. मला मात्र फॉर्ममधला नमुना बदलावा लागला. खरी झालेली जागा नमुन्याला चालत नाही. मी तिथं ‘उदा. जुन्या विहिरीजवळ’ लिहिलं आणि आईला त्या चौकटीतून उठवलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं हे निखिलला समजावत बसले नाही.

पुढे आमचे सगळे फॉर्म हिंजवडीच्या एका कंपनीनं नव्यानं केले. तिथली एक मुलगी आमच्याकडे आली, वयानं माझ्या लेकीहून लहान, बोलायला गोड. ती म्हणाली, “मॅडम, सूचना चौकटीच्या आत नसावी. लिहायला लागलं की ती जाते, मग माणूस विसरतो काय लिहायचं होतं. ज्यांना कमी दिसतं त्यांना तर ती वाचताच येत नाही. सूचना चौकटीच्या वर हवी, ठळक.” तिचं बरोबर होतं. डोळे गेलेल्या बाईची मुलगी मी, मला हे आधीच सुचायला हवं होतं असं वाटून गेलं. तिनं माझ्या सगळ्या हिंट काढून टाकल्या. मी लिहिलेलं आता कुठल्याच फॉर्मवर नाही. रमेश गेला, जुनी विहीर गेली. आबांचा ‘॥ श्री ॥’ तेवढा राहिला, कारण तो काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

यंदा गणपती झाल्यावर शबानाचा फोन आला. ती आता लाइनची प्रमुख आहे. म्हणाली, “म्याडम, एकदा वस्तीवर या. मी सांगणार नाही काय ते, तुम्हीच बघा.” चाकणच्या चौकात उतरून मी रिक्षावाल्याला म्हटलं, “सुमन टेलर्स.” त्यानं एक अक्षर न विचारता रिक्षा चालू केली. वाटेत मी दोनदा पदर सारखा केला, जसं काही माहेरी चालले होते.

वळणावर तो खांब होता. अक्षरं परत कुणीतरी गिरवलेली होती. आणि खांबाच्या मागं, पत्र्याच्या एका गाळ्यावर, पाटी होती. ‘सुमन टेलर्स. येथे ब्लाऊज, ड्रेस शिवून मिळतील.’ आत एक वयस्कर चाचा मशीनवर वाकले होते, गळ्यात टेप, नाकावर चष्मा. मी चपला काढल्या आणि आत गेले. मग लक्षात आलं की दुकानात चपला काढत नाहीत.

“काय शिवायचं, ताई?”

माझ्या पिशवीत काही नव्हतं. मी विचारलं, “चाचा, हे सुमन कोण?”

त्यांनी चष्मा वर केला. “कुणास ठाऊक. मी आलो नांदेडहून दोन वर्षांपूर्वी. गाळ्याला माझं नाव लावणार होतो, पण सगळे म्हणाले, खांबावरचंच लावा, गिऱ्हाईक चुकेल. जुनं दुकान आहे म्हणे हे. बाई फार नावाजलेली होती, एकदा माप घेतलं की परत घ्यावं लागायचं नाही. मी पण मग तसंच जपून करतो.”

बाहेर शबाना उभी होती, तोंडावर ओढणी धरून, हसत होती की रडत होती ते कळेना. चाचांनी स्टूल पुढे केलं आणि मी तिथं बराच वेळ मशीनचा आवाज ऐकत बसले.

पाटी निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत होती. आईला पिवळ्यावर लाल हवी होती. पण एवढं तिनं चालवून घेतलं असतं.